जप्तीचे वॉरंट आणि दारातला बेलिफ

थकलेल्या पैशाच्या वसुलीसाठी दारात येणारी माणसे एकाच प्रकारची नसतात, तरी 'जप्तीवाले आले' एवढ्या एका शब्दात ती सगळी सामावली जातात, आणि सामान्य कुटुंबाचे बरेचसे नुकसान या सरमिसळीतूनच होते. दिवाणी न्यायालयाचा बेलिफ, फौजदारी न्यायालयाने ठोठावलेल्या दंडाच्या वसुलीचे वॉरंट घेऊन आलेला पोलीस, महसुली थकबाकीसाठी आलेला तलाठी, सहकारी पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि वित्त कंपनीने नेमलेला खासगी वसुली एजंट या पाचही जणांचा सूर बाहेरून सारखाच वाटतो. परंतु त्यांच्या अधिकाराचा उगम निराळा, मर्यादा निराळ्या, आणि शेवटच्याला तर घरात पाऊल टाकण्याचाही अधिकार नाही. त्यामुळे देणे खरे की खोटे, किती आणि कोणाचे, या प्रश्नांच्याही आधी दारातल्या माणसाच्या हातात कोणाचा कागद आहे, हा प्रश्न येतो. त्या कागदावर जे लिहिले आहे तेवढाच त्याचा अधिकार असतो, आणि कागद नसेल तर अधिकारही नसतो.

बेलिफ हा दिवाणी न्यायालयाच्या नाझर शाखेतील पगारी कर्मचारी होय. समन्स आणि नोटिसा बजावणे, जप्तीचे व ताब्याचे वॉरंट अंमलात आणणे आणि जे घडले त्याचा अहवाल न्यायालयाला देणे एवढे त्याचे काम असते. रक्कम कमी करणे, हप्ते बांधून देणे, वस्तू कोणाच्या मालकीची आहे याचा निवाडा करणे यांतले काहीही त्याच्या हातात नसते. म्हणून त्याच्याशी वाद घालून जसा फायदा होत नाही, तसाच त्याच्यापुढे गयावया करूनही होत नाही. वॉरंट बजावण्यासाठी लागणारी फी आणि भत्ता वसुली मागणारा पक्षकार आधीच न्यायालयात भरतो. हा खर्च पुढे देणेकऱ्याच्या खात्यावर चढू शकतो हे खरे, पण तो न्यायालयाच्या हिशोबात चढतो, बेलिफाच्या खिशात नव्हे. रिक्षाभाडे, चहापाणी किंवा 'पुढची तारीख दाखवतो' अशा बोलीवर कोणी हात पुढे केला, तर ती सरळसरळ लाच ठरते आणि तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर करता येते.

जप्ती आकाशातून पडत नाही. दिवाणी दाव्यात न्यायालय जो अंतिम निर्णय लेखी स्वरूपात देते त्याला हुकूमनामा किंवा डिक्री म्हणतात. ज्याच्या बाजूने तो होतो तो हुकूमनामाधारक, आणि ज्याने पैसे द्यायचे तो निर्णीत ऋणको. हुकूमनाम्यानंतरही पैसे मिळाले नाहीत, तर हुकूमनामाधारकाला अंमलबजावणीसाठी न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो, ज्याला महाराष्ट्रातील न्यायालयांत 'दरखास्त' म्हणतात, आणि या दरखास्तीसाठी कायद्याने बारा वर्षांची मुदत दिली आहे. हुकूमनामा होऊन दोन वर्षे उलटली असतील, तर साधारणपणे आधी ऋणकोला नोटीस काढावी लागते. एवढ्या पायऱ्या असूनही अनेकांना जप्ती अचानक आल्यासारखी वाटते, याचे कारण बहुधा समन्सच्या वेळीच घडून गेलेले असते. समन्स घेतले नाही म्हणजे खटला टळला, ही समजूत गावोगावी आणि शहरांतील सोसायट्यांतही तितकीच पक्की आहे. प्रत्यक्षात घेण्यास नकार दिला तर समन्स दाराला चिकटवून बजावणी झाल्याचा अहवाल जातो आणि दावा गैरहजेरीत चालून एकतर्फी हुकूमनामा होतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, मात्र त्याची मुदत तीस दिवसांची असते. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजली जाते. त्यामुळे हुकूमनाम्याची माहिती प्रथमच दारातल्या बेलिफाकडून मिळाली असेल, तर तो दिवस लिहून ठेवणे फार महत्त्वाचे असते.

वॉरंटाचा कागद हातात घेऊन शांतपणे वाचण्याचा आग्रह धरावा, आणि तो धरण्यात काहीही उद्धटपणा नाही. संहितेच्या एकविसाव्या आदेशाप्रमाणे त्या कागदावर काढल्याची तारीख, न्यायाधीशाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो, त्याशिवाय कोणत्या दिवसापर्यंत तो बजावायचा आणि कोणत्या दिवशी न्यायालयाला परत करायचा हेही त्यात लिहिलेले असावे लागते. न्यायालयाचे नाव, दरखास्तीचा क्रमांक व वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावे, हुकूमनाम्याची रक्कम, व्याज आणि खर्च यांचे आकडे त्याच कागदावर सापडतात. बजावणीची अखेरची तारीख उलटून गेली असेल तर ते वॉरंट संपले, नव्याने काढून घ्यावे लागेल, असे नम्रपणे दाखवून देता येते. वॉरंटावरील नाव वडिलांचे आणि घर मुलाचे, किंवा पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा आणि राहणारा दुसराच, असे प्रकार घडतात. ते बेलिफाच्या लक्षात आणून देऊन त्याच्या अहवालात तसा शेरा लिहायला सांगावे. बेलिफाबरोबर बहुधा हुकूमनामाधारक किंवा त्याचा माणूस मालमत्ता दाखवायला आलेला असतो. तो फक्त बोट दाखवू शकतो, वस्तूला हात लावू शकत नाही. जप्ती झाली तर पंचांसमक्ष पंचनामा होतो आणि वस्तूंची यादी केली जाते. या यादीत 'एक टीव्ही' असे मोघम न लिहिता कंपनी, आकार आणि अवस्था लिहून घ्यावी, यादीची प्रत मागावी आणि सही करण्यापूर्वी आपला आक्षेप दोन ओळींत त्यावरच नोंदवावा. पुढे वस्तू मोडलेली परत आली किंवा आलीच नाही, तर दाद मागायला हीच यादी उपयोगी पडते.

दार उघडावे की न उघडावे, या प्रश्नाचे उत्तर संहितेच्या बासष्टाव्या कलमात आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जंगम मालमत्तेच्या जप्तीसाठी कोणाच्याही राहत्या घरात शिरता येत नाही. राहत्या घराचा बाहेरचा दरवाजा फोडता येत नाही. मात्र घर खुद्द ऋणकोच्या वहिवाटीत असेल आणि तोच आत येऊ देत नसेल किंवा कोणत्याही रीतीने अडवत असेल, तर हे संरक्षण उरत नाही, आणि एकदा रीतसर आत प्रवेश मिळाला की ज्या खोलीत माल असल्याचे मानायला कारण आहे त्या खोलीचे दार बेलिफाला उघडता येते. रूढीप्रमाणे लोकांसमोर न येणारी स्त्री एखाद्या खोलीत असेल, तर तिला बाहेर पडण्यासाठी आधी सूचना आणि पुरेसा वेळ द्यावा लागतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'बेलिफाला आत घेऊ नका' अशा सल्ल्यांचा उगम पुष्कळदा इंग्लंडमध्ये असतो. तेथे वसुली करणारे बेलिफ बहुधा खासगी कंपन्यांचे परवानाधारक कर्मचारी असतात, २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार ते काम करतात, आणि बहुतेक देण्यांसाठी त्यांना पहिल्या भेटीत जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. फौजदारी न्यायालयाचा दंड हा त्यातला एक अपवाद. लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तो सल्ला कामाचा असेलही, पण कोल्हापूर किंवा बोरिवलीत त्यावर विसंबून दाराला कडी लावून बसणारा ऋणको स्वतःचे संरक्षण स्वतःच गमावतो, आणि वर सरकारी कामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्याला निमंत्रण देतो. न्यायालय मग पोलीस बंदोबस्त मंजूर करते, आणि जे काम दोन माणसांत झाले असते ते गल्लीच्या देखत होते.

कायद्याचे खरे औदार्य साठाव्या कलमात दिसते. ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि खाट यांना हात लावता येत नाही, त्याचप्रमाणे धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे उदाहरणार्थ मंगळसूत्र, जप्त करता येत नाही. कारागिराची हत्यारे सुटतात. शिंप्याचे मशीन, सुताराचे रंधे आणि करवती, चांभाराची रापी यांच्यावर पोट अवलंबून असते म्हणून. शेतकऱ्याची अवजारे, आणि उपजीविकेसाठी आवश्यक आहेत असे न्यायालयाला वाटेल तेवढी जनावरे व बियाणे सुटते. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार यांच्या मालकीचे आणि त्यांच्या राहत्या वापरातील घर सुटते, मात्र तेच घर कर्जाला तारण दिले असेल तर त्या तारणाच्या वसुलीत साधारणपणे या सुटीचा आधार मिळत नाही. मजुराची मजुरी, सरकारी निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधीतील अनिवार्य ठेव, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, स्वतःच्या आयुर्विम्याखाली मिळणारी रक्कम आणि भविष्यातील पोटगीचा हक्क हेही जप्तीच्या बाहेर आहेत. उलट फ्रिज, दूरदर्शन संच, सोफा, अंगावर नसलेले आणि रूढीशी संबंध नसलेले सोने, बँकेतील शिल्लक आणि बहुतेकांची दुचाकी यांना कोणतेही सरसकट संरक्षण नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. या कलमातील सूट कराराने सोडून देता येत नाही. कर्ज घेताना छापील कागदावर 'कोणतीही सूट मागणार नाही' अशी अट घालून सही घेतली असली, तरी ती अट त्या मर्यादेपुरती कायद्याने रद्दबातल आहे.

पगाराची जप्ती वेगळ्या पद्धतीने होते, कारण ती दारात न होता कार्यालयात होते आणि मालक दरमहा रक्कम कापून न्यायालयात भरतो. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांत पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. ज्याचा हिशोबात धरायचा पगार ३१,००० रुपये आहे त्याचे पहिले १,००० बाजूला काढले की ३०,००० उरतात, त्यांतले २०,००० सुटतात आणि जास्तीत जास्त १०,००० रुपये कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकंदर चोवीस महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, आणि पत्नी-मुलांच्या पोटाचा प्रश्न सावकाराच्या येण्यापेक्षा वरचा मानला गेला आहे हे योग्यच म्हणावे लागेल.

या सवलतींमागे, निदान शेतकऱ्यापुरती, महाराष्ट्राचीच एक जुनी जखम आहे. १८१८ नंतर इंग्रजी न्यायालये दख्खनेत आली तेव्हा सावकाराच्या हाती पूर्वी नव्हते असे एक साधन आले: हुकूमनामा. कुणब्याला न्यायालय ठाऊक नव्हते, तो हजर राहत नसे, आणि दाव्यांमागून दावे एकतर्फी निकालात निघत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांवर हल्ला केला, आणि त्यानंतर पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत लोकांचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे व हिशोबाच्या वह्या हस्तगत करून जाळण्यावर होता. माणसे मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्याची ही वृत्ती दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्याही ध्यानात आली. त्यातून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी झाला, ज्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी केली, स्पष्टपणे तारण न दिलेली जमीन विक्रीतून वाचवली आणि न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा खरा इतिहास तपासायला लावले. आजच्या साठाव्या कलमातील शेतकऱ्याचे घर आणि अवजारे त्याच विचाराने वाचली गेली आहेत.

जप्त झालेली वस्तू ऋणकोची नसेल तर काय, हा प्रश्न एकत्र कुटुंबात हमखास उद्भवतो. कपाट भावाचे, दागिने पत्नीच्या स्त्रीधनाचे, संगणक मुलीच्या कार्यालयाचा, अशा स्थितीत खरेदीची पावती, बिलावरील नाव किंवा कार्यालयाचे पत्र बेलिफाला दाखवून ते पंचनाम्यात नोंदवून घ्यावे. बेलिफाने तरीही वस्तू उचलली, तर मालकाने स्वतः त्याच न्यायालयात जप्तीला हरकत घेणारा अर्ज करावा. तो अर्ज लिलाव होण्याच्या आत आणि विनाविलंब केला पाहिजे, कारण मुद्दाम उशीर केल्याचे दिसले तर न्यायालय तो विचारात न घेताही फेटाळू शकते. स्थावर मालमत्तेची जप्ती उचलून नेण्याची नसते. ती विकू नये, गहाण टाकू नये असा मनाई हुकूम काढला जातो, त्याची दवंडी पिटली जाते आणि हुकमाची प्रत मालमत्तेच्या ठळक भागी लावली जाते. अशी जप्ती झाल्यावर घाईघाईने मेव्हण्याच्या नावावर करून दिलेले खरेदीखत वसुलीपुरते निरर्थक ठरते. ही युक्ती सुचवणारे सल्लागार प्रत्येक तालुक्याला भेटतात, त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे.

देणे दिले नाही तर तुरुंगात जावे लागते का? दिवाणी देण्यासाठी ऋणकोला अटक करून दिवाणी कारागृहात ठेवण्याची तरतूद आजही आहे, पण तिला बऱ्याच वेसणी आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. दोन हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कारावास नाही, दोन ते पाच हजारांसाठी कमाल सहा आठवडे आणि त्यापुढे कमाल तीन महिने, आणि या काळातील निर्वाहाचा खर्च हुकूमनामाधारकाने भरायचा असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ पैसे दिले नाहीत एवढे कारण अटकेला पुरत नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाच्या प्रकाशात ही तरतूद वाचली आणि ज्याच्याकडे देण्याची ऐपत आहे व जो वाईट हेतूने देत नाही त्यालाच डांबता येईल, दारिद्र्य हा गुन्हा नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणून अटकेबाबत कारणे दाखवा नोटीस आली, की तारखेला हजर राहून पगारपत्रक, रुग्णालयाची बिले, कुटुंबातील माणसांची संख्या, असा खरा हिशोब शपथपत्रावर मांडणे हाच उपाय असतो. घाबरून गैरहजर राहणारा मनुष्य न्यायालयाला ऐपत असून टाळणारा वाटतो, आणि अटकेचे वॉरंट बहुधा त्या गैरहजेरीतूनच निघते.

फौजदारी दंडाचे गणित याहून वेगळे आहे, कारण दंड हे कर्ज नसून शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४६१ व्या कलमाप्रमाणे न्यायालय दंडवसुलीसाठी जंगम मालमत्तेच्या जप्ती-विक्रीचे वॉरंट काढू शकते किंवा जिल्हाधिकाऱ्याला जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्यास सांगू शकते, मात्र जिल्हाधिकाऱ्याकडे गेलेल्या अशा वॉरंटाच्या अंमलासाठी अटक करता येत नाही. दंड न भरल्यास भोगायचा कैदेचा काळ न्यायालय निकालातच सांगते. हा काळ पूर्ण भोगून झाला, तर विशेष कारणे लेखी नोंदवल्याशिवाय दंडाच्या वसुलीचे वॉरंट पुन्हा काढता येत नाही. या नियमाला मोठा अपवाद आहे तो नुकसानभरपाईचा. दंडातून फिर्यादीला भरपाई द्यायची असेल, आणि धनादेश न वटल्याच्या खटल्यांत असे नेहमीच होते, तर कैद भोगूनही रक्कम वसूल होऊ शकते. 'महिनाभर आत बसून येतो, पैसे वाचले' असे म्हणणाऱ्याला हा अपवाद कोणीतरी वेळेत सांगायला हवा. शिक्षा केवळ दंडाची असेल आणि रक्कम लगेच उभी राहत नसेल, तर ४६४ व्या कलमाखाली न्यायालय तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मंजूर करू शकते, पण ते मागावे लागतात. कैदेत असताना काही रक्कम भरली, तर त्या प्रमाणात कैद कमी होते. शिक्षा झाल्यापासून सहा वर्षांनंतर सामान्यतः दंडाची वसुली करता येत नाही.

वाहतुकीच्या ई-चलनाने या साऱ्या गोंधळात नवी भर घातली आहे. चलन हा न्यायालयाचा निकाल नव्हे. ठरलेली तडजोड रक्कम भरून प्रकरण मिटवावे असा तो प्रस्ताव असतो, आणि तो मान्य नसेल तर वाहनमालकाला आक्षेप घेता येतो किंवा न्यायालयात आपली बाजू मांडता येते. पैसे न भरल्यास प्रकरण न्यायालयात जाऊ शकते, लोकअदालतीची नोटीस येऊ शकते, आणि न्यायालयाचे समन्स आले की मग त्याकडे दुर्लक्ष करणे अंगाशी येते. मात्र न्यायालयाचे वॉरंट नसताना थकलेल्या चलनासाठी घरातील सामान जप्त करण्याचा अधिकार कोणालाही नाही. 'तुमचे चलन थकले आहे, आजच भरा नाहीतर जप्ती' असे संदेश पाठवून त्यासोबत मोबाइलमध्ये अॅप उतरवायला लावणारी फसवणूक आता सर्वत्र बोकाळली आहे. चलन खरे आहे का हे वाहतूक विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून पाहावे, आलेल्या दुव्याला बोट लावू नये.

महसुली वसुली १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली होते आणि तिची सुरुवात लेखी मागणी नोटिशीने होते. पतसंस्थांच्या बाबतीत सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि संस्थेचाच वसुली अधिकारी जप्तीला येतो. हा दाखला हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्याला आव्हान देताना कायद्याने ठरवलेला रकमेचा अर्धा भाग आधी भरावा लागतो, आणि म्हणून निबंधकापुढील सुनावणीलाच हजर राहून व्याजाचा हिशोब तपासून घेणे हे नंतर धावाधाव करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

खासगी वसुली एजंटाजवळ यातले काहीच नसते. पेशवाईच्या अखेरीस दख्खनेत सावकाराचा माणूस देणेकऱ्याच्या दारात ठाण मांडून बसे, त्याचे खाणेपिणे अडवी, कधी मारहाणही करी, आणि एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या तगाद्याच्या पद्धतीचे सविस्तर वर्णन केले आहे. न्यायालये आणि बेलिफ आले ते या पद्धतीच्या जागी. त्या दृष्टीने पाहिले तर शिक्का मारलेला कागद घेऊन आलेला बेलिफ ही देणेकऱ्याचीही सोय आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँका व वित्त कंपन्यांना दिलेल्या सूचनांनुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करता येत नाही, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांचा छळ किंवा चारचौघांत अपमान करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि धमकी असेल तर सरळ पोलीस ठाण्यात.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. भारतात दावेदाराची खरी अडचण हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवले आहे आणि त्यात फारसा फरक पडलेला नाही. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार देशात आठ लाखांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या. या आकड्यात बुडालेली बिले मागणारे छोटे दुकानदार आहेत, अनामत रक्कम अडकलेले भाडेकरू आहेत, पोटगीसाठी वर्षानुवर्षे तारखा मोजणाऱ्या स्त्रिया आहेत. ऋणकोचे हक्क सांगताना हे विसरले, तर हक्कांची माहिती ही केवळ चुकवाचुकवीची विद्या होऊन बसते.

बेलिफ दारात असताना रक्कम हाताशी असेल तर ती न्यायालयात भरणे सर्वांत सुरक्षित; नसेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत न्यायालयात स्थगितीचा किंवा हप्त्यांचा अर्ज करता येतो, आणि हप्ते हुकूमनामाधारकाच्या संमतीने बांधून घेता येतात. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत, आणि १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे. वस्तू किंवा घर लिलावात गेले तरी बोली पक्की होण्यापूर्वी देणे आणि खर्च भरला तर लिलाव थांबतो. स्थावराचा लिलाव होऊन गेल्यावरही साठ दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते. न्यायालयाबाहेर आपसात मिटवले असेल, तर केवळ साध्या पावतीवर विसंबू नये. दिलेली रक्कम न्यायालयाच्या नोंदीत चढली नाही तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती विचारात घेत नाही, आणि पैसे देऊनही बेलिफ पुन्हा येऊ शकतो. ही नोंद हुकूमनामाधारकाने करायची असते. त्याने केली नाही तर ऋणकोने रक्कम दिल्यापासून तीस दिवसांच्या आत न्यायालयात अर्ज करून ती करून घ्यावी.